फळी वर येते तेव्हा

खडखड... खडखड...

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण नाचायला लागलं आणि भरदुपारची ती गच्च शांतता एकदम मोडली. उंबऱ्याबाहेर उभी असलेली विजयमाला दचकली. दारात येऊन ती दोनदा खाकरली होती, कडी वाजवून झाली होती, पण आतून कुणी ओ देईना. आणि आता तर दूध उतू जाणार... तिनं घाईघाईनं चपला काढल्या, तोच आतल्या खोलीतून एक खुर्ची सुळकन बाहेर आली. साधीच लाकडी खुर्ची, पण तिला सायकलची दोन चाकं. खुर्चीतल्या माणसानं सांडशी उचलली, पातेलं अलगद खाली घेतलं, आणि मग कुठं तिच्याकडे पाहिलं.

"पळत येत हुता जनू," तो म्हणाला. "पदर पोळला असता."

"मी केव्हाची कडी वाजवतेय."

"ऐकली की. पन दूध आधी का पाव्हनं आधी, त्याचा इचार करत हुतो."

हा रंगनाथ. संगमनेरात त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. एक विजयमालाच काय ती त्याला आज पहिल्यांदा बघत होती. तो दूध सोसायटीचा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी चंदनापुरीच्या घाटात ट्रक उलटला आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले. विजयमाला सोसायटीच्या हापिसात लागली ती त्यानंतर. तिचा नवरा तापानं गेला, पदरात तीन वर्षांची चिंगी, घरी म्हाताऱ्या सासूबाई. मॅट्रिक झालेली होती म्हणून कारकुनाची जागा मिळाली, एवढंच.

"तुमची सही हवी होती," तिनं पिशवीतून कागद काढला.

कागद सहलीचा होता. सोसायटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून चाळीस जणांना सहलीला न्यायची. यंदा, सत्तर साली, एक नवलच ठरलं होतं. मुंबईपर्यंत एस.टी. आणि तिथून आगबोटीनं थेट गोवा. गावात दुसरा विषय नव्हता. आणि चिठ्ठ्यांमध्ये नेमकं रंगनाथचं नाव निघालं होतं. हिशेब ठेवायला कारकून म्हणून विजयमाला जाणारच होती, चिंगीला घेऊन.

त्यानं कागद वाचला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी सहलीस येऊ शकत नाही.' खाली सहीपुरती जागा.

"अक्षर कुनाचं?"

"...माझं."

"लई झाक हाय," तो म्हणाला आणि कागदाची चौकोनी घडी घालून तिच्या हातात परत दिली. "मग असलं खोटं लिहायला कशाला वापरता? मला कुनी इचारलं बी न्हाई, येतो का न्हाई ते."

विजयमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरंच की. सात शब्द तिनं वळणदार काढले होते आणि त्यातला एकही त्या माणसाचा नव्हता.

"मग... येता?" तिनं विचारलं.

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागाहून. "येतो की. बसा, चहा टाकतो. दूध तुमच्यासाठीच वाचलंय."

---

सोसायटीचे चिटणीस आप्पासाहेब. माणूस वाईट नव्हे, पण ठरलेल्या गोष्टीत कुणी बोट घातलं की त्यांना पित्त व्हायचं.

"बाई, बोट म्हंजे काय एस.टी. हाय का?" दुसऱ्या दिवशी ते भर हापिसात म्हणाले. "भाऊच्या धक्क्यावरनं बोटीत जायला फळी असती. उभी चढन. ह्याला ती चढता आली न्हाई आन बोट सुटली, तर चाळीस लोकांनी काय करायचं? कुनीतरी लिहून द्या. फळी न्हाई चढला तर लिहून देनारानं त्याला घेऊन धक्क्यावरूनच माघारी यायचं. हाय कबूल कुनाला?"

कुणाच्या टाकाची निब अडली, कुणाला खोकला आला. सगळे रंगनाथबरोबर वर्षानुवर्षं चहा प्यायलेले. मान मात्र एकाचीही वर होईना.

विजयमालानं दौत पुढे ओढली आणि लिहून दिलं. खाली पूर्ण नावानं सही केली. विधवा बाईनं, परक्या पुरुषासाठी... संध्याकाळचं दूध घरोघर पोचायच्या आत बातमी पोचली होती.

रंगनाथला ती कळली तेव्हा तो चिडलेला दिसला. "कीव आली व्हय माझी?"

"कीव आली असती तर त्या नकारावर सही घेऊन गेले असते."

"मग?"

"मला समुद्र बघायचाय. चिंगीला दाखवायचाय." तिनं पिशवी काखेला मारली. "आणि तुमचा चहा बरा असतो."

त्यानं नुसतीच चाकं मागेपुढे केली... आणि विजयमालाला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं.

---

पण फळीचं काय?

रंगनाथच्या भावाचा ऊस तेव्हा तुटत होता. तिसगावकडून आलेली टोळी रानात उतरली होती. एका दुपारी विजयमाला बांधावर उभी राहून बघत होती. ट्रकला एक लांब फळी लावलेली. तीही जेमतेम वीतभर रुंद. डोक्यावर उसाची मोळी घेऊन बाया तिच्यावरून तरातरा वर जात होत्या, वर मोळी टाकून परत खाली. फळी नुसती लवत होती, आणि बायांचं लक्षही नव्हतं.

"काय बघताव बाई?" त्यांच्यातल्या एकीनं विचारलं. रंगुबाई तिचं नाव. "चढायचंय व्हय?"

"मला नाही. ह्यांना." विजयमालानं बांधावरच्या खुर्चीकडे बोट केलं.

रंगुबाईनं खुर्चीला एक फेरी मारली, चाक दाबून बघितलं. "मानूस जड हाय. पन जड मोळीच नीट चढती. फळी लवती ना, ती खाली जाती तवा पाय टाकला का मानूस गेला. ती वर येती तवा टाकायचा. ती आपसूक उचलून देती. डोळ्यांनी न्हाई दिसत हे. तळपायाला कळतंय. तुमी चपला काढा आधी."

तिनं तीन-चार फळ्या शेजारी शेजारी आवळून बांधल्या आणि मोकळ्या ट्रकला लावून दिल्या. त्या दिवसापासून दुपारची सुट्टी झाली की दोघं रानात. तो खुर्चीत, हात चाकांवर. ती मागे, अनवाणी. फळी वर आली की ती म्हणायची, "हं." त्या एका 'हं'ला तो चाकं फिरवायचा, ती रेटायची. मग फळी खाली... थांब. पुन्हा वर... हं.

पहिल्या दिवशी खुर्ची पाचटात कलंडली. विजयमाला धावली तर हा पाचटात पडल्या पडल्या हसतोय.

"लागलं का?"

"लागलं. पन तुमाला सांगन्यासारखं न्हाई."

"चावट आहात."

"तुमीच लिहून दिलंय, सांभाळा आता."

असे पंधरा दिवस. तिच्या तळहातांना फोड आले. एकदा त्यानं ते बघितले. हात हातात घेतला नाही, नुसतं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीवरच्या दांड्याला जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळलेली होती. त्या पट्टीवर हात ठेवताना विजयमालाला वाटलं, हे तर हातात हात घेण्यापेक्षाही जास्त झालं...

---

निघायच्या आदल्या संध्याकाळी गोजरबाई, तिच्या सासूबाई, चिंगीची वेणी घालत बसल्या होत्या.

"विजे, लोक बोलत्यात."

"माहीत आहे, आत्याबाई."

"लोकांचं जाऊ दे. खरं हाय का ते सांग."

विजयमाला खाली मान घालून दशम्या बांधत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं बोलायला तोंड उघडेना.

गोजरबाईंनी रिबिनीची गाठ मारली. "मी बी पाटाचीच हाय. पयला मालक गेला तवा सव्वीस वर्सांची हुते. तुझ्या सासऱ्यानं पाट लावून आनलं. त्या पाटातूनच तुझा नवरा झाला. मग वाईट काय झालं त्यात?" पोराच्या आठवणीनं आवाज ओला झाला होता, तो त्यांनी खाकरून कोरडा केला. "पन एक ध्यानात ठेव. त्यो फळी चढला तरच बोल. धक्क्यावरनं माघारी आला, तर तू किती बी म्हन, त्यो हो म्हननार न्हाई. आपल्यापायी हिचं हसं झालं असं म्हनंल आन दार लावून बसंल. बाप्याची जात."

विजयमालाला रात्रभर तेवढंच ऐकू येत राहिलं. आता फळी नुसती बोटीची राहिली नव्हती.

---

भाऊच्या धक्क्यावर खारट, माशांचा, कोळशाचा वास. पांढरी बोट घरापेक्षा उंच. आणि धक्क्यापासून तिच्या पोटापर्यंत गेलेली ती फळी... रानातल्या दुप्पट लांब, आडव्या पट्ट्या ठोकलेली. खाली हिरवंकाळं पाणी चुबुक चुबुक करत होतं.

"खुर्ची नाही जायची," फळीपाशी उभा असलेला खलाशी म्हणाला. "दोन हमाल बोलवा, उचलून नेतील साहेबांना."

"न्हाई तर हातावर सरकत जा," आप्पासाहेब घाईला आले होते. "एस.टी.त चढला तसा."

"एस.टी. घरची हाय, तिथं कसं बी चाललं," रंगनाथ शांतपणे म्हणाला. "समुद्राला पयल्यांदा भेटतोय. सरपटत न्हाई जायचा." मग मान न वळवता, हळूच, "विजूबाई... घाबरला का?"

"तुम्ही?"

"लई."

"मग बरंय. सारखंच आहे."

तिनं चपला काढून चिंगीच्या हातात दिल्या, चिंगीला आप्पासाहेबांच्या हातात दिलं आणि त्या मऊ पट्टीवर मुठी आवळल्या.

मागे धक्क्यावर बोटीची दोनशे माणसं माना उंचावून बघत होती. फळी तळपायाखाली जिवंत होती. बोट श्वास घ्यायची तशी ती वर यायची, खाली जायची. हं... एक पट्टी. हं... दुसरी. अर्ध्यावर आले आणि बाजूनं माल भरलेला एक पडाव पाणी कापत गेला. त्याची लाट आली. फळी खाली गेली... जातच राहिली. खुर्ची मागे रेलली. सगळा भार तिच्या मनगटांवर. रंगनाथचे हात चाकांवर शिवशिवले.

"थांबा," ती म्हणाली.

"विजूबाई, सुटंल—"

"थांबा म्हणते ना. अजून जातेय ती."

तो थांबला. आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस, पुढचं काही न कळता, मागच्या बाईच्या तळपायांवर भरवसा ठेवून थांबला. एक... दोन... आणि मग पाणी वळलं. फळी खालून उचलत आली, एखाद्या मोठ्या हातासारखी.

"हं."

त्यानं चाकं फिरवली, तिनं छातीनं रेटलं, आणि खुर्ची एका झपाट्यात दोन पट्ट्या ओलांडून गेली. मग राहिल्या त्या पट्ट्या मोजायच्याच उरल्या नाहीत. खड्... खड्... आणि सपाट. बोटीच्या लाकडी जमिनीवर चाकं आपोआप घरंगळत दोन हात पुढे गेली.

धक्क्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. खलाशानं डोक्यावरची टोपी मागे सारली आणि कुणी न सांगता दोघांना वाट करून दिली.

खाली आप्पासाहेब एक पाय फळीवर, एक धक्क्यावर, असे अडकून उभे होते. एका हातात चिंगी, दुसऱ्यात विजयमालाच्या चपला.

"आप्पासाहेब," रंगनाथनं वरून हाळी दिली, "फळी वर येती तवा पाय टाका. खाली बघू नका. पोरगी सांगंल तुमाला."

---

मुंबई मागे पडली. उजवीकडे नुसतं पाणी, डावीकडे किनाऱ्याची निळसर रेघ. आप्पासाहेबांना बोट लागली होती आणि ते रंगनाथकडून मागून घेतलेलं लिंबू हुंगत पडले होते. चिंगी रंगनाथच्या मांडीवर बसून चाकांच्या तारा मोजत होती. तिला ती जागा कुणी दिली नव्हती. तिनं ती घेतली होती.

विजयमाला कठड्याला टेकून उभी. वाऱ्यानं पदर ठरत नव्हता, आणि खरं तर तिनं धरायचं सोडलंच होतं.

"विजूबाई," तो म्हणाला, "गोवा आला का मंग काय? चार दिस बघायचा, आन मंग... तुमी हापिसात, मी माझ्या चुलीपाशी. दूध उतू जाईल तवा याल?"

"नाही."

त्यानं चिंगीच्या रिबिनीची गाठ उगाच सारखी केली.

"उतू जायच्या आधी येईन," ती म्हणाली. "चूल माझी असेल तर." आणि मग धीर करून, समुद्राकडे बघत, सगळं एका दमात. "आत्याबाईंनी सांगितलंय, पाट लावायला त्यांची ना नाही. फक्त तुम्ही फळी चढल्यावर विचार म्हणाल्या. तर... चढलात. विचारतेय मी."

रंगनाथचे डोळे हसले. ओठ मात्र या वेळी मागाहूनही हसेनात. त्यानं कठड्यावरचा तिचा हात उताणा केला आणि तळव्यावर आपला हात ठेवला. फोडांवर. चाळीस सहलकऱ्यांच्या, खलाशांच्या आणि अख्ख्या समुद्राच्या देखत.

"मला वाटलं हुतं," तो म्हणाला, "हे बी मलाच चढावं लागतंय का काय."

"अर्धं तुम्ही चढा. अर्धं मी रेटते."

तो हसला. ती हसली. चिंगीला काही कळलं नाही, पण दोघं हसताहेत म्हणून तीही हसली, आणि त्याच्या मांडीवर आणखी ऐसपैस सरकून बसली. मग तिच्या कपाळाला एकाएकी आठी पडली.

"आई," तिनं गंभीरपणे विचारलं, "मी मोठी झाले की इथं मावणार नाही ना... मग या मांडीवर कोण बसणार?"

रंगनाथ घाईघाईनं किनाऱ्याकडे बघायला लागला. विजयमालाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

चिंगी उत्तराची वाट बघत बसली होती.