मूठभर मेथ्या

"माणसाला पाणी हाय. गाडीला न्हाय."

चुलीवरून मान वर न करताच प्रेमलानं सांगितलं. दारातला सडपातळ तरुण घुटमळला. ब्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात जळकोटच्या विहिरींचे तळ दिसत होते, आणि हमरस्त्यावर वाफा सोडत उभी असलेली जीप कुणाची, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. श्रीनिधी हॉटेल! सोलापूरपासून उमरग्यापर्यंत त्यांच्या शाखा; एक तर रस्त्यापलीकडंच, पण सध्या तिथंही पाणी मोजूनच मिळायचं. आमटी एकाच ठिकाणी शिजायची आणि पिंपांत भरून सगळीकडं जायची.

"मग गाडी गार होईस्तवर... जेवायला मिळंल?"

आता मात्र तिनं वर पाहिलं. पिंपभर आमटी घेऊन फिरणारा माणूस दुसऱ्याच्या दारी जेवण मागतो?

"नाव काय तुमचं?"

"वीरभद्र."

"आवाज तर कोकराचा हाय."

गल्ल्यावर बसलेले तिचे वडील, बंडप्पा, खोकल्यासारखं हसले.

त्यांची खानावळ लहान, पण थाट मोठा. पाहुणा पाटावर बसला की मगच पीठ मळायचं. भाकरी तव्यावरून थेट ताटात, वर लोण्याचा गोळा, शेजारी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-ज्वारीच्या मसाल्याची, आमटी. एकेकाळी अधिकारी, व्यापारी वाट वाकडी करून इथं जेवायला यायचे. आता एसटी समोरच्या श्रीनिधीपुढं थांबायची. तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट. प्रवाशांना जेमतेम पाव तास. भाकरी फुगायची वाट कोण बघणार? वर लोक कौतुकानं म्हणायचे, "कुठंबी बसा, चव तीच!" हे कौतुक प्रेमलाला फार झोंबायचं. बंडप्पांनी तर सांगूनच टाकलं होतं, "मिरगापर्यंत बघू. न्हायतर कुलूप."

वीरभद्र पुन्हा आला. मग येतच राहिला. जेवताना तो सारखा चुलीकडं बघायचा. तिच्या हातांकडं बघतोय की हातातल्या मसाल्याच्या डब्याकडं, हे काही तिला उमगेना.

"काय बघताय एवढं?"

"ते येसर... कसं भाजता तुम्ही?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणजे डब्याकडंच बघत होता तर!

"सोपं हाय," ती गोड आवाजात म्हणाली. "डाळ, ज्वारी भाजायची. मेथ्या मात्र मूठभर घ्यायच्या. काळ्याकुट्ट होईस्तवर भाजायच्या."

"मूठ... तुमची का माझी?"

"तुमचीच!"

तो लाजला. त्या लाजण्यावर विश्वास ठेवावा असं तिला क्षणभर वाटलं... पण क्षणभरच.

पुढच्या आठवड्यात डोक्यावर पदर घेऊन ती रस्ता ओलांडून गेली आणि श्रीनिधीच्या टेबलावर बसली. आमटीचा घोट घेताना तिनं डोळे मिटले. कडू लागली तर चोर सापडला! पण आमटी नेहमीसारखीच होती — पातळ, गुळमट, कुणाचीच नसलेली. मग त्यानं विचारलं तरी कशाला? की तिचा डाव ओळखून सगळे हसत होते? आणि तो इतक्या दिवसांत आला का नाही? तो आला नाही याचा आपल्याला राग का यावा, हेही तिला संशयास्पदच वाटलं.

आणि एका दुपारी तो आला. जीपनं नव्हे, एसटीनं. बाकी प्रवासी श्रीनिधीत शिरले. हा एकटा रस्ता ओलांडून आला.

"लई कडू झाली हो आमटी," तो दारातूनच म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. खोलीवर केली होती."

"टाकली असंल."

"न्हाय. तुम्ही सांगितलेली... दोन वेळा पुरवून खाल्ली."

तिला हसू आलं. तिनं ते ओठांतच दाबलं. "आन मालकाला न्हाय दिली?"

तो पाटावर बसला. मान खाली. "मालकानंच पाठवलं होतं. पहिल्या दिवशी गाडी खरंच तापली होती, शपथ. मग त्यांना कळलं, मी इथं जेवतो. म्हणाले, येसर काढून आण. म्हटलं, आधी आपण करून बघावं... कडू लागली तेव्हा समजलं, तुम्हाला माझा संशय आलाय. अन् संशय तर खराच होता. मग सांगायचं काय त्यांना? चावी ठिवली अन् आलो."

"ह्यो नवा डाव कुणाचा?"

"कुणाचाच न्हाय. मी डब्याकडं कधीच बघत नव्हतो, प्रेमलाबाई."

बाहेर हॉर्न वाजला. कंडक्टरनं घंटी दिली.

"तुमची गाडी चालली," ती म्हणाली.

"जाऊ द्या."

ती त्याच्याकडं रोखून बघत राहिली. आता उठेल... आता पळेल. गाडी हलली, धुळीत दिसेनाशी झाली. तो उठला नाही.

"खानावळ मिरगाला बंद व्हायची हाय," ती हळूच म्हणाली. "इथं बसून तुम्हाला मिळायचं काय?"

"मिरगापर्यंत जेवण मिळंल. पुढचं... तुम्ही सांगाल तसं."

"लगेच विश्वास बसायचा न्हाय माझा."

"मला कुठं घाई हाय? नोकरीबी न्हाय अन् गाडीबी न्हाय."

आता मात्र हसू दाबलं गेलं नाही. तिनं भाकरी थापली, भाजली, मोडून दोन ताटांत वाढली. गल्ल्यावरून बंडप्पा म्हणाले, "अगं, पाहुणा एकच हाय."

"दिसतंय मला, अप्पा."

गिऱ्हाइकाच्या पंगतीला ती आजवर कधी बसली नव्हती. तिनं त्याच्याशेजारी दुसरा पाट सरकवला, पदर सावरला आणि बसली.

"जेवा," ती म्हणाली. "निवंल."