शिंकणारा कोल्हा

"बटाट्या, मागे ये. त्या कोल्ह्यासमोरून परत उडी मार."

मिरचीने सांगताच तिच्या धाकट्या भावाने पडद्यावरच्या टोपीवाल्या मुलाला पुन्हा खालच्या फळीवर उतरवलं. मिरचीची मावशी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. नवा गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायचं झकास काम तिने सुट्टीत या पोरांना दिलं होतं. फळ्याफळ्यांवरून उड्या मारत ढगातला किल्ला गाठायचा. वाटेत डोंगराच्या एका कपारीत कोल्हा बसलेला असे. तो ना वाट अडवायचा, ना मदत करायचा. कोणी जवळून गेलं की जांभई द्यायचा आणि भुंकायचा, एवढंच.

"कोल्हा कुत्र्यासारखा भुंकतोय, ही चूकच," मामेभाऊ लंबू म्हणाला.

"गप्प. नीट ऐक."

भौ, भौ... फ्सिक्!

भुंकून झाल्यावर शिंक! तिघांनाही आवाज ओळखीचा वाटला. असं भुंकणारा अख्ख्या गल्लीत एकच होता, खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा झिपऱ्या. परीक्षेच्या दिवसांत दार उघडं राहिलं आणि तो बाहेर पडला, तो परतलाच नव्हता. काकांनी भिंतीभिंतींवर त्याचे फोटो चिकटवले, प्राण्यांच्या निवाऱ्यात विचारलं. सगळीकडून नकारच आला. काकांचं जेवणावरून मनच उडालं होतं.

मिरचीने मावशीला फोन लावला. मावशीने आवाज जमवणाऱ्या सहकाऱ्याला गाठलं, तर तो आधी आढेवेढे घेऊ लागला. मग कबूल झाला. कोल्ह्यासाठी रानात जायचा त्याला कंटाळा आला होता. बस डेपोमागच्या निवाऱ्यात जाऊन, समोर दिसेल त्या कुत्र्यापुढे माइक धरून तो मोकळा झाला होता.

काकांना उगाच आशा लावायची नाही, असं ठरलं. आईला सांगून, तो आवाज फोनमध्ये आणि भिंतीवरचा झिपऱ्याचा एक फोटो सोबत घेऊन तिघं निघाले.

निवाऱ्याच्या खिडकीतल्या कारकुनाने फोटोकडे धड पाहिलंही नाही. इतका केसाळ कुत्रा इथे नाही, मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाही, आणि उद्या सगळी कुत्री लांबच्या शेतावर जाणार आहेत तेव्हा डोकं खाऊ नका, असं सुनावून तो चहाकडे वळला.

उद्या! म्हणजे काय करायचं ते आजच करायला हवं होतं. मिरचीने लंबूला डोळ्यांनी खुणावलं. लंबूने खिडकीत मान घालून प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. शेतावर कुत्र्यांना खायला काय देतात? तिथे मांजरं आहेत का? विहिरीला कठडा आहे ना? कारकून पुरता बेजार झाला. तेवढ्यात मिरची आणि बटाट्या भिंतीला वळसा घालून मागच्या जाळीशी पोचले. मिरचीने फोन उंच धरला.

भौ, भौ... फ्सिक्!

आत एकच हलकल्लोळ उडाला. झाडून सगळी कुत्री भुंकू लागली. या गोंगाटात काय कळणार? मिरची ओठ चावत थांबली. हळूहळू एकेक आवाज विरत गेला. आणि सगळं शांत झाल्यावर कोपऱ्यातून कोणीतरी दोनदा भुंकलं, आणि शिंकलं.

गडबड ऐकून प्राण्यांच्या डॉक्टरबाई धावत आल्या. मुलांचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी कोपऱ्यातला पिंजरा उघडला. बाहेर आला तो एक गुलाबी, हडकुळा, पार तासून काढल्यासारखा प्राणी. मिरचीचा धीरच खचला.

"गोचिड्या झाल्या होत्या, म्हणून मीच याचे केस काढले," बाई म्हणाल्या.

"झिपऱ्या?" मिरचीने हळूच हाक मारली.

पुढच्याच क्षणी ती जमिनीवर आडवी होती आणि झिपऱ्या तिचं तोंड चाटत होता.

बाईंनी कारकुनाला चांगलंच फैलावर घेतलं. केस गेले तरी कान, डोळे, शेपूट तेच राहतात, एवढं तरी बघायचं होतं, असं सुनावलं. मग मुलांकडे वळून त्या म्हणाल्या, "आवाजावरून कुत्रा हुडकणारे मी पहिल्यांदाच पाहिले. शाबास!"

बाईंनी झिपऱ्याला दोरी बांधून मुलांच्या हवाली केलं. गल्लीच्या तोंडाशीच त्याने दोरी हिसकली. पायरीवर बसलेल्या काकांनी त्याला पोटाशी धरलं, ते कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग त्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरांनो, माझं घर परत आणलंत तुम्ही."

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि झिपऱ्याच्या पोटाभोवती गुंडाळली.

"थंडी वाजेल रे तुला. मिरची, कापड तू निवड. बटाट्या, पाय धर त्याचे, नाहीतर हा टेपच खाऊन टाकेल."