बुधाजीचा चॅनेल

सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. कासवाच्या पाठीवर बसून करंजा बंदर गाठल्याची माझी थाप लोकांनी पचवली. हिला मात्र हसतात. आज खांदा कॉलनीतल्या आमच्या दारात शांती मासळीची पाटी टेकवून बसली होती. माझ्या जोडीच्या बोटीवरच्या बुधाजीची पोर ती. म्हटलं, हिलाच सांगू.

"शांते, माझी नात रिया कॉम्प्युटरवर अंतराळयान चालवायला शिकते. यान स्टेशनला लावायचं तर आधी रेडिओवर स्टेशनचा चॅनेल लावायचा. लागला की ते किती लांब आहे तो आकडा दिसतो. रविवारी नाश्त्याच्या वेळी तिला चॅनेल लागेना. म्हटलं, सर बाजूला, तीस वर्षं नाखवा म्हणून बोटीवर वायरलेस फिरवलाय.

"हात आपोआप बाहत्तरवर गेला. तुझ्या बापाच्या शेवटच्या फेरीतला आमचा चॅनेल. आधी खरखर. मग लाकडावर पाणी आपटल्यासारखं. मग त्याचा आवाज: 'नाखवा, आयकतोस काय?'"

शांतीने पदराने हात पुसले.

"रिया म्हणाली, 'आजोबा, ह्या गेममध्ये मराठी नाहीये.' आकडा होता नऊशे किलोमीटर. मी चॅनेल बदलला. तोच आवाज. 'तू हितंच रव. मीच येतो.' आकडा चारशे. खोलीत डिझेलचा वास सुटला. रियाने वायर उपटली. पडदा काळा झाला, आकडा मात्र पेटलेलाच राहिला."

"आन् आता?" शांतीने विचारलं.

"सकाळी तीन होता. खाडी इथून तेवढीच."

आतल्या खोलीतून रिया म्हणाली, "दोन."

"माझ्यावर कशाला राग धरतो तो?" मी म्हणालो. "बुडताना हाक मारली असेल, पण माझा वायरलेस सेट जेटी सोडतानाच मेला होता. ऐकू आलं असतं तर जाळं कापून फिरलो असतो. लाखाच्या मोलाची घोळ मासळी लागली होती, तरी फिरलो असतो."

"एक," रिया म्हणाली.

शांतीने पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं. जोडीच्या बोटी दर फेरीला जेटीवर नवा चॅनेल ठरवतात. मासळी कुठे लागली ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. हे तिला मी काय सांगणार.

"त्या दिशी बाबा उशिरा निघाले, काका," ती हळू म्हणाली. "तुमी कवाच गेलेले. जेटीवर नंबर ठरलाच नाय. आयेला बोलले, दर्यात गेल्यावर नाखव्याला सेटवर सांगन."

तिने वर पाहिलं.

"सेट मेला व्हता ना तुमचा? मंग बाहत्तर कुनी सांगितला?"

आतून रिया म्हणाली, "आजोबा, शून्य."