हार घातलेली टाकी

समोर बसलेली बाई नवऱ्याला सोडवायला आली आहे की अडकवायला, हे स्वानंदला काही केल्या उमगेना.

"नोकरी गेली तर जाऊ द्या," जनकाबाई म्हणाल्या. "पर मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून हायेत. वर लेक हाय, अन् हे पायरी चढंनात. म्हणतात, माझ्या हलगर्जीनं पोरगी मरत व्हती, कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आणि चूक त्यांची नसेल तर?" अनुश्रीने विचारलं.

"तेच तर काढा, ताई. असली तर असली म्हणा. पर खरं काय ते सांगा."

अनुश्री ही हिंगोलीतली खासगी तपासनीस आणि स्वानंद तिचा मामेभाऊ. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं ही त्याची कामं. त्यातलं तिसरं तो अगदी जीव ओतून करी.

प्रकरण साऱ्या जिल्ह्यात गाजत होतं. औंढा नागनाथच्या अलीकडे चिंचजवळा म्हणून गाव आहे. विषारी वायूच्या अपघातांसाठी राज्याचं एक पथक तिथे नव्यानेच येऊन राहिलं होतं. गावचं अग्निशमन केंद्र आणि हे पथक, दोघांनी हातात हात घालून काम करायचं असं वरून ठरलेलं. सामानाची खोली एक, कुलूप एक, किल्ल्या दोन. मनं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी.

दसऱ्याच्या सकाळी गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन सुटला. अग्निशमन केंद्रातली करुणा पाठीवर हवेची टाकी बांधून आत शिरली. गळती बंद केली आणि तिथेच कोसळली. गाव वाचलं, पण तिच्या टाकीत हवा नावापुरतीच होती. टाक्या भरून तारेने सील करायचं काम सोनाजीचं, म्हणजे जनकाबाईंच्या नवऱ्याचं, तिच्या बापाचं.

"यात कोडं कसलं?" राज्याच्या पथकाचे प्रमुख विश्वजीत फणकारले. "अष्टमीला आमचा संयुक्त सराव झाला. टाक्या भरलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. सोनाजीने सील लावलं आणि तो नागपूरला दीक्षाभूमीला गेला. झडप सैल राहिली, हवा निघून गेली. यांचं सगळं असंच."

"मधल्या दिवशी, नवमीला, तुम्ही कुठे होता?"

"हिंगोलीत बैठकीला. दसऱ्याला परतलो. माझी किल्ली माझ्या खिशात."

"आणि दुसरी?"

"सोनाजी जाताना गोपाळरावांकडे देऊन गेला."

माणूस फार तोऱ्यात आहे, तेव्हा हाच गुन्हेगार, असं स्वानंदने मनात पक्कं केलं.

गोपाळराव नगरपंचायतीतर्फे केंद्राचा कारभार बघायचे. ते हात चोळत म्हणाले, "सोनाजी माणूस गरीब हो, पण जरा विसराळू. आमी नवमीला खंडेपूजा केली, टाक्यांना हळदकुंकू लावलं, हार घातले. ट्रान्सफॉर्मर जळाल्यानं दिवसभर साऱ्या गावात लाईट न्हवती, म्हणून दार सताड उघडं ठेवून पूजा केली. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत न्हाईत, म्हणून मग हात कुणीच लावला न्हाई."

"म्हणजे हवेचा काटा हाराखाली झाकलेला?"

"व्हय, आता देवाचा हार कोण उचकणार?"

आता स्वानंदला गोपाळरावांचंच खरं वाटायला लागलं.

करुणाने वापरलेली ती टाकी आता कोपऱ्यात होती. झेंडू सुकलेला आणि सीलची तुटकी तार लोंबत असलेली. अनुश्रीने तारेची टोकं उजेडाकडे केली. दोन्ही टोकं कुंकवाने लाल होती.

"तार तुटणारच की," स्वानंद म्हणाला. "करुणानं टाकी उघडली ना!"

"हं," एवढंच ती म्हणाली. तिच्या या 'हं'चा त्याला मनस्वी राग यायचा.

अंगणाच्या भिंतीपलीकडे सोयाबीनची मळणी चालली होती. नुसता भुसा उडत होता. गावचा बंब त्यात माखलेला, रेडिएटरची जाळी गच्च बुजलेली. शेजारी राज्याचा ट्रक मात्र नवरदेवासारखा उभा. त्याचा ड्रायव्हर हिरासिंग छाती काढून म्हणाला, "नवमीला बालटीभर पाण्यानं धुतली, जी. गाडी म्हंजे लक्ष्मी हाय आपली."

अनुश्रीने ट्रकच्या जाळीत काडी फिरवली. आत कण नाही. मग ती गोपाळरावांच्या मोटारसायकलीपाशी वाकली. तिच्याही इंजिनाच्या खाचा लख्ख. शेवटी ती ट्रकमागच्या बंद कोपऱ्यात गेली. तिथे डोक्याएवढ्या उंचीवर कोळिष्टकांत कोरडा भुसा अडकला होता.

"अनू, आपण चोर धरायला आलोय की गाड्या विकत घ्यायला?" स्वानंद वैतागला.

दवाखान्याच्या पायरीवर सोनाजी गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

वर करुणा हळूहळू बोलली. "हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. पर गळतीची झडप अर्धीच फिरली व्हती. सोडून कशी येऊ?"

"सीलची तार तोडायला वेळ लागला का?"

"तार हारात लोंबतच व्हती. सायरन वाजू लागला, समोर दिसली ती टाकी उचलली. ताई, बाबा काहून येईनात? रागावले का माझ्यावर?"

अनुश्री उठली आणि तिने विश्वजीत, गोपाळराव आणि हिरासिंग या तिघांनाही खाली, दवाखान्याच्या पायरीपाशी, बोलावून घेतलं. मुद्दाम सोनाजीच्या समोर.

"झडप सैल राहून हवा गेली असती," ती म्हणाली, "तर सील शाबूत राहिलं असतं. पण तार करुणाच्या हाती यायच्या आधीच तुटली होती. इतकंच नाही, ती पूजेच्याही आधी तुटली होती. तुटक्या टोकांवर कुंकू आहे. तार अखंड असती, तर टोकांना कुंकू लागलं कसं असतं?"

ती विश्वजीतांकडे वळली.

"तेव्हा सोनाजी नागपूरला. विश्वजीतसाहेबांची किल्ली हिंगोलीत. गावात उरली एकच किल्ली."

गोपाळरावांचा चेहरा पडला.

"पण हवा चोरून करायचंय काय?" स्वानंदला राहवलं नाही.

"गाड्या झाडायच्या, दादा. दसऱ्याला गाड्यांची पूजा, आणि रेडिएटरात भुसा गच्च. गॅरेजच्या हवेने तो उडाला असता, पण नवमीला लाईट नव्हती, मग हवा कुठली? हिरासिंग म्हणतो, पाण्याने धुतली. ओला भुसा खाली गळतो, तो डोक्याएवढ्या उंच कोळिष्टकांत जाऊन कोरडा बसत नाही. मळणीचा म्हणावा, तर तो कोपरा बंद. टाकीला नळी लावून हवा मारली. ट्रक झाला, मग किल्ली देणाऱ्याची मोटारसायकलही झाली."

हिरासिंगने हात जोडले. "थोडीच घ्यायची व्हती, जी. गोपाळराव बोलले, सोनाजी आला की भरून ठेवंल. दसऱ्याला काय व्हतंय?"

"आणि सोनाजीवर आळ आला तेव्हा तोंडं शिवली दोघांनी. राज्याचा माणूस आणि गावचा माणूस," अनुश्रीचा आवाज चढला, "इतक्या दिवसांत तुम्ही मिळून केलेलं हे एवढं एकच काम! लाज वाटू द्या."

विश्वजीत सोनाजीसमोर येऊन उभे राहिले. "माझं चुकलं, सोनाजी. चौकशीत मी स्वतः सांगतो."

सोनाजीने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने अनुश्रीकडे पाहिलं. "म्हंजे... म्या झडप बराबर लावली व्हती?"

"बराबर लावली होती."

तो उठला. जनकाबाईंनी हात पुढे केला, तो न धरताच धडाधड पायऱ्या चढून गेला. स्वानंद मागोमाग धावला आणि दारातच थबकला.

करुणाने डोळे उघडले. "बाबा, गळती बंद झाली व्हती ना? म्या नीट फिरवली का, मला आठवंना."

सोनाजी खाटेशी बसला आणि तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"झाली, लेकरा. बराबर बंद झाली."