संधी खर्चाचा धडा

“ताई, मी परीक्षेला बसलेच नाही.”

बाबांच्या लुळ्या हाताला तेल चोळता चोळता ताई थबकली. अर्थशास्त्राच्या पदवीचं धाकटीचं हे शेवटचं वर्ष… ज्या वर्गात ताईने पाऊल टाकण्याआधीच बाबा अंथरुणाला खिळले आणि तिला आपला प्रवेश सोडावा लागला, त्याच वर्गात आज धाकटी बसते, या एकाच समाधानावर तिने आजवर दिवस ढकलले होते. रोज संध्याकाळी धाकटी धडा मोठ्याने वाचायची, मागणी, पुरवठा, महागाई… आणि ताई प्रश्नांचा नुसता भडिमार करायची. तेवढ्या घटकेत तिचा शिणवटा कुठल्या कुठे पळायचा.

“पण तुला आवडतं ना गं? किती मन लावून वाचतेस.”

“तुझ्यासाठी वाचते. तेवढा वेळच तू हसतेस, ताई… वर्गात सगळं माझ्या डोक्यावरून जातं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

ताईने तेलाची वाटी खाली ठेवली. जिला सुख दिलं म्हणून आपण मनोमन मिरवलो, तिच्याच गळ्यात आपल्या स्वप्नाची धोंड बांधली की! रागवावं तरी कुणावर?

धाकटी जवळ सरकली. “संधी खर्च मला तूच समजावला होतास, नुसता धडा ऐकून. एक निवडताना दुसरं जे हातचं सोडावं लागतं, ते. खूप सोडलंस आता. कॉलेजात तू जा, बाबांचं मी बघते.”

क्षणभर ताईला पहिल्या बाकावर बसलेली स्वतःच दिसली.

धाकटीने मऊ भाताचा चमचा बाबांच्या ओठांशी नेला. बाबांनी तोंड घट्ट मिटलं.

“बाबा, मी आहे ना… घ्या ना.”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. भात उशीवर सांडला. त्यात राग नव्हता, त्यांना दुसऱ्या हाताची सवयच नव्हती. धाकटीचा अभ्यास बुडेल म्हणून ताईनेच आजवर तिला चमचा धरू दिला नव्हता…

ताईने चमचा घेतला. बाबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

“उद्या पुन्हा भरव,” ताई म्हणाली. “कधीतरी घेतील.”

“आणि नाहीच घेतलं तर?”

ताईने उशी पुसली, बाबांचं तोंड पुसलं, हुंदके देणाऱ्या धाकटीला पोटाशी धरलं.

“पुस्तक उघड,” ती हळूच म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले, आणि ज्यातलं एक अक्षरही तिला आवडत नव्हतं तो धडा ती नेहमीसारखा मन लावून वाचू लागली.