पुरे ज्याचं त्यानं म्हणायचं

अगं, बस आधी. पर्स तिकडे टाक. हात धुतलेस ना? मग ये, ताट वाढलंय, जेवता जेवता ऐक. गेल्या महिन्यात मी आणि दादा फिरायला गेलो होतो ना, तिथे काय झालं ते तू ऐकच. कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल. आणि हे बघ, लाजायचं नाही, पोटभर जेव. पुरे तुझं तू म्हणायचं, मी मधे पडणार नाही.

काय? 'मी कशाला म्हणतेय पुरे'? बघ हं! तुझं मनगट बघ केवढं झालंय, घड्याळाचा पट्टा रुतलाय. असू दे, आज डाएट बंद.

तर दादा. तुला माहितीये तो कसाय. लोक प्रवासाला जाऊन डोंगर बघतात, समुद्र बघतात, हा माणूस दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघतो. मोठी रंगीत पाटी दिसली की तिथे पायच ठेवायचा नाही. सरळ रस्त्यातल्या माणसाला गाठायचं आणि विचारायचं, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" वहिनी म्हणते, याला जेवणावरून उठवणं म्हणजे चिखलातली म्हैस उठवणं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्याबरोबर फिरायला मजा यायची. त्या दिवशी सकाळी आम्ही एका भट्टीच्या मागच्या दाराशी उभं राहून गरम पाव खाल्ला होता, बोटं भाजली, तरी सोडवेना. भट्टीवाला म्हणाला, "हळू, पळून नाही जात तो." दादा म्हणाला, "मी पळतोय का? मग!"

मग बसनं पुढच्या गावात उतरलो आणि त्याची चप्पल तुटली. कोपऱ्यावर एक चप्पल शिवणारा बसला होता. त्याला दादानं नेहमीचा प्रश्न टाकला. त्यानं आरीनंच गल्लीच्या टोकाकडे दाखवलं. "रंगाच्या दुकानामागे. खानावळ नाही, घर आहे. बाईच्या हाताला चव आहे, अशी की रडाल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण तिथे एकट्यानं जावं."

"का हो?"

"एकटा माणूस आपलं आपण बघतो."

दादा म्हणाला, "याची बायको कजाग असणार." आणि आम्ही हसत हसत गेलो.

कसा झालाय रस्सा? हो ना? आणि कॉलेजात सगळ्यांना सांगायचीस, चिमीला पाणी उकळता येत नाही. आण ताट इकडे.

ते घर रस्त्याच्या खाली होतं गं. पायऱ्या उतरून जायचं. स्वयंपाकघराला एकच खिडकी, छताला चिकटलेली, आणि तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. भर दुपारी दिवा लावलेला. ओल्या फडक्याचा वास, आणि त्याच्यावर चढून बसलेला लसणीचा, किंचित जळलेला. चुलीवर मोठं पातेलं. पातेल्यापाशी एक बाई, केस घट्ट बांधलेले, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो.

"जेवायचं ना? बसा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मी हवं का, नको का, असं विचारत नाही. वाढत राहते. पुरे ज्याचं त्यानं म्हणायचं. दुसऱ्यानं नाही."

दादा तर हरखलाच. "काकू, मी जन्मात कधी पुरे म्हटलेलं नाही!"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

मला वाटलं, भिंतीला जुना कोट टांगलाय. मग त्या कोटाला डोळे दिसले. माणूस होता गं. स्टुलावर बसलेला, गाल इतके आत गेलेले की दात बाहेरून मोजावेत.

"माझा मुलगा," काकू म्हणाल्या.

"ते नाही जेवत?" मी विचारलं.

"जेवतो ना."

वाढलं. साधा भात, कंदांचा रस्सा, वर लसणीचं तेल. पहिला घास घेतला आणि... कसं सांगू तुला. लहानपणी ताप उतरल्यावर जी पहिली भूक लागते ना, तसं. पण मला बस लागलेली. बेताचं खाल्लं आणि म्हटलं, "काकू, मला पुरे." म्हणताना जीभ जड झाली, कुणीतरी आतून धरल्यासारखी. तरी म्हटलं.

"शहाणी आहेस," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ केली.

दादा जेवत होता. ताट रिकामं झालं की पळी पातेल्याच्या काठावर आपटायची, टक्, आणि ताट भरायचं. आधी तो बोलत होता. "वा काकू. हे काय घातलंय? वा." मग नुसतं "वा." मग तेही बंद. टक्. खिडकीतले पाय कमी कमी व्हायला लागले. टक्. वहिनीचा फोन आला, तो त्यानं उचललाच नाही. मी म्हटलं, "दादा, बस झालं हं, संध्याकाळची गाडी आहे." त्यानं मान हलवली आणि घास घेतला.

मला कंटाळा आला म्हणून मी इकडे तिकडे बघत होते. त्या मुलाकडे लक्ष गेलं. त्याचा जबडा हलत होता. तोंड रिकामं, पण हलत होता. मी म्हटलं, बिचारा, सवय असेल. मग दादा चावायचा थांबला, पाणी प्यायला. त्याच क्षणी तो जबडाही थांबला... आणि गळ्याची गाठ खालीवर झाली. दादा पाणी पीत होता आणि घोट तिकडे उतरत होता.

दादाकडे नीट बघितलं तेव्हा कळलं. त्याचा शर्ट. सकाळी पोटावर बटणं ताणलेली होती ना, आता खांद्यावरून घसरत होता. इतका वेळ जेवणारा माणूस वाळत चालला होता गं. आणि तिकडे स्टुलावर त्या मुलाच्या गालांची खळगी भरत होती. रंग येत होता. तो ओठ पुसत होता, हाताच्या पाठीनं, अगदी दादासारखा.

"दादा, ऊठ."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात ताटावर आडवा धरायचा होता त्याला, नको म्हणायला, मला कळत होतं. हात उचललाच गेला नाही. आणि तोंड उघडलं, पुढच्या घासाला.

मी काकूंचा हात धरला. "थांबवा. तुम्ही थांबवा ना."

"मी कशी थांबवणार? मी फक्त वाढते." आवाज कसा शांत. भाजी निवडताना बोलतात तसा. "त्याला आता बोलता येणार नाही. तू बोलू शकतेस. बोल. पण तू त्याच्यासाठी पुरे म्हणालीस की झालं. मग त्याच्या घशाखाली कधीच काही उतरणार नाही. पाणीसुद्धा नाही. भूक मात्र राहते."

"मग... मरेल?"

"नाही गं. तेच तर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जेवत राहील. रात्रीपर्यंत संपेल."

"जेवण?"

"पातेलं काही संपत नाही, बाळ."

टक्. ताट भरलं.

मी भिंतीकडे बघितलं. काकूंनी पदरानं त्या मुलाची हनुवटी पुसली, किती मायेनं. "ह्याच्यासाठी मीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्याच चुलीपाशी. माझ्या सासूच्या हातात पळी होती. आई होते ना मी. बघवेना."

दादाचा हात ताटाकडे गेला आणि मनगटाचं हाड दिसलं. ज्या हाताला धरून मी सायकल शिकले तो हात. आणि तरी मी लगेच बोलले नाही हं, हे तुला म्हणून सांगते. मी उभी राहिले. मनात म्हटलं, संपला तर सुटेल तरी. मग वहिनी डोळ्यांसमोर आली, तिचं पोट आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरे."

एवढा मोठा घास त्याच्या तोंडातून बाहेर पडला. तिकडे स्टुलावरचा जबडा थांबला आणि तो मुलगा रडायला लागला, लहान मूल ताटावरून उठवल्यावर रडतं ना, तसं. काकूंना राग नाही आला. त्यांनी ताट उचललं, पळी धुतली, पुसली, आणि माझ्या हातात दिली.

"घे. लागेल तुला. माझ्याकडे दुसरी आहे," म्हणाल्या. "आणि एक सांगते. अनोळखी माणसं लवकर संपतात. जीव लावलेलं माणूस पुष्कळ दिवस पुरतं."

घरी आणलं त्याला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, म्हणाले, घसा अगदी मोकळा आहे, काही अडचण नाही. पण घास ठेवला की तसाच परत येतो, पाणी ओठांवरून सांडतं. सुई लावली तर सलाइन उतरत नाही, बाटली तश्शीच. आणि भूक! शेजाऱ्यांनी फोडणी दिली तरी हा भिंत चाटतो. उशीचा अभ्रा चावून चावून फाडला. रात्री म्हणतो, "चिमे, कशाला बोललीस गं?" एवढंच. वहिनी परवा माहेरी गेली, तिला बघवेना. तिला त्या पळीनं कसं वाढणार मी? दिवस गेलेत तिला. माणुसकी आहे की नाही काही.

आईला वाढलं. आईनं ना, चवच बघितली फक्त, आणि म्हणाली, "मला पुरे, मीठ जास्त झालंय." आयुष्यभर सगळ्यांनी जेवून घेतल्यावर उरलेलं खाल्लंय तिनं, पुरे तिच्या जिभेवरच असतं.

मग मी बसून विचार केला, मला खरा जीव लावलेलं कोण आहे? कोण माझ्या एका फोनवर, काहीही न विचारता, उपाशीपोटी येईल?

अगं, तू किती पटकन आलीस.

नको, बोलू नकोस, तोंडात घास आहे, ठसका लागेल. हात आडवा धरायचाय ना ताटावर? कळतंय मला. दादाचाही उचलला गेला नव्हता. घड्याळ काढून ठेवू का? बघ, कोपरापर्यंत घसरलंय.

तो आतल्या खोलीतला आवाज ऐकलास? ढेकर दिला त्यानं. महिन्याभरानं, गं! थांब, वाढते.

तुझा फोन वाजतोय. 'आई' दिसतंय. मी नाही उचलत, माझेही हात खरकटे आहेत. आणि उचलून तरी काय, त्यांनी विचारलं काय चाललंय आणि माझ्या तोंडून तुझ्यासाठी काहीतरी निघून गेलं तर? मग तुझ्या आईला पळी लागेल, आणि माझ्याकडे काकूंसारखी दुसरी कुठाय.

पण एक सांग मला, खरं खरं. बोलता येत नाहीये तर नुसती मान हलव. माझ्या जागी तू असतीस, आणि तुझा दादा असता, तर तू काय केलं असतंस गं?