आवाजांची बाग

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कुणी "आजोबा, ही तुम्ही रचलीत ना?" असं विचारायला नको.

मी रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

ज्या घरात हे घडलं, त्या घरात मी जेवलो आहे. जिच्या बाबतीत घडलं, ती माझ्या भाचीची मुलगी. एका जागी पाच मिनिटं बसायची नाही, म्हणून आम्ही सगळे तिला मुंगी म्हणायचो. आता ती बसते. तासन् तास बसते.

चला, माझ्याबरोबर जरा कल्पना करा.

परीक्षा संपल्याचा दिवस आहे. दिवेलागणीची वेळ. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक चिंचोळी खोली. खिडकीला जाड पडदा. टेबलावर संगणकाचा मोठा पडदा, आणि त्याच्यासमोर काडेपेटीएवढा माइक.

मुंगीचा बाबा चित्रकार. पण त्याच्या हाताला कधी रंग लागलेला तुम्हाला दिसला नसता. तो संगणकाला फक्त नियम सांगायचा. रेघ कुठे वळायची, फांदी कधी फुटायची, दुसरी रेघ आडवी आली तर काय करायचं. नियम सांगून झाले की हात मागे घ्यायचा आणि बघत बसायचा. चित्र आपलं आपण वाढायचं. अंगणात बी टाकल्यावर रोप वाढतं ना, अगदी तसं. कोणतं पान कुठे येईल, ते बाबालाही माहीत नसायचं. गंमत त्यातच होती.

फक्त एक अडचण होती. चित्राला थोडा अवखळपणा हवा असतो. बाकीचे लोक त्यासाठी संगणकालाच मनाला येतील ते आकडे काढायला लावतात. बाबाला ते पटेना.

"मेलेली दिसतात अशी चित्रं," तो म्हणाला. "याला जिवंत काहीतरी खायला घालायला हवं."

म्हणून त्याने माइक लावला.

संगणक घर ऐकू लागला. घरातल्या प्रत्येक आवाजाची त्याने एक वेल केली. भिंतीवरचं घड्याळ टिक करायचं... की पडद्यावर एक ठिपका उमटायचा. मोरीतला नळ ठिबकायचा... की एक निळी रेघ खाली ओघळायची. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचं मशीन धडधडायचं, की एक बारीक नागमोडी वेल सरसर धावायची. आई काम करताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. तिची वेल राखाडी, इतकी फिकी की वाकून बघावं लागायचं.

आणि भोंगा.

भोंगा म्हणजे मुंगीचा तान्हा भाऊ. नाव काय ठेवलं होतं ते घरातही कुणी घेत नसे. रडायला लागला की रस्त्यावरची माणसं वर बघायची. त्याची वेल लाल, काटेरी. सगळ्यांच्या अंगावर जाणारी.

"बघ, इथेही सगळी जागा त्यानेच अडवली," मुंगी म्हणाली.

बाबा खो खो हसला. मुंगी हसली नाही. भोंगा आल्यापासून आईची मांडी तिच्या वाट्याला आली नव्हती.

"बागेत दाटी झाली की काय करतात, मुंगे?"

"तण काढतात."

"शाब्बास! रोज संध्याकाळी आपण एक वेल काढून टाकायची. उरलेल्यांना जागा मिळेल, त्या फोफावतील. शेवटी जी एक राहील, ती प्रदर्शनात भिंतभर लावायची. कुठली काढायची ते तू सांगायचं. तुझी नजर ताजी आहे."

एवढा मान मुंगीला त्या घरात बऱ्याच दिवसांनी मिळत होता.

पहिल्या संध्याकाळी तिने घड्याळाची वेल काढली. नुसते ठिपके. कंटाळवाणे. बाबाने बाण त्यावर नेला, कळ दाबली. ठिपके मुळापासून वर विरत गेले.

सकाळी मुंगी उठली, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

टिक टिक नव्हती.

आणि... घड्याळही नव्हतं. भिंतीवर एक गोल, फिकट डाग.

"आई, घड्याळ कुठे गेलं?"

"कसलं घड्याळ?" आई भोंग्याला खांद्यावर थोपटत म्हणाली. "आपल्याकडे कधी होतं घड्याळ? डोळे चोळ आधी."

मुंगीला वाटलं, आई झोपेत आहे.

दुसऱ्या संध्याकाळी नळाची वेल गेली. सकाळी मोरीत नळच नव्हता. भिंत सपाट. आई स्वयंपाकघरातून बादल्या भरून नेत होती, जणू जन्मभर तेच करत आली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर तिने ओळखायला हवं होतं. हवं होतं खरं. पण तिसऱ्या संध्याकाळी बाबाने विचारलं, "बोल, आज कोण?" आणि मुंगीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ती नागमोडी. सारखी वळवळते."

कळ दाबली गेली.

वरून येणारी धडधड... मध्येच थांबली. शिवण अर्धवट राहावी तशी.

मुंगी उठली आणि जिना चढत धावली.

शिंपीकाका तिला रोज जिन्यात अडवायचे. "काय मुंगीबाई, साखर सापडली का?" असं विचारायचे, आणि खिशातून रंगीत बटण काढून हातावर ठेवायचे.

दार काकूंनी उघडलं.

"काका कुठे आहेत?"

"कोण काका?"

"शिंपीकाका! तुमचे!"

काकू हसल्या. "माझे कुठले ग काका? मी एकटी राहते. लग्नच नाही केलं मी." मग वळून टेबलाकडे बघत पुटपुटल्या, "हे एक मला कळत नाही बघ. रोज चहा दोन कप होतो."

टेबलावर दोन कप होते. एकातून वाफ येत होती.

दुसऱ्यावर साय धरली होती.

मुंगी खाली आली ती थेट बाबाच्या खोलीत. तिने माइकची वायर हिसकली. पडद्यावरच्या सगळ्या वेली एकदम थरथरल्या.

"ए! काय करतेस?" बाबाने तिचा हात पकडला. "किती महिन्यांचं काम आहे माझं!"

"बाबा, आपण काढतो ते खरंच जातं! घड्याळ गेलं. काका गेले!"

"कुठले काका?"

"वरचे! ते मला बटणं द्यायचे!"

"वर काकू एकट्या असतात, मुंगे." त्याने वायर परत खोचली. "भाऊ झाल्यापासून तुझं हे काय काय चाललंय. सारखं आपलं माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा. पुन्हा हात लावलास तर..." त्याने हात उगारला होता. मारलं नाही. पण याआधी त्याने कधी उगारलाही नव्हता.

मुंगीने रात्री बटणांचा डबा उघडला. बटणं होती. ती एकेक करून उशीखाली ठेवली आणि त्यांच्यावर डोकं ठेवून पडून राहिली.

आता पडद्यावर चारच वेली उरल्या होत्या. बाबाच्या बोटांची टकटक. मुंगीची धावती पावलं. आईचं गुणगुणणं. आणि ती लाल, काटेरी.

चौथ्या संध्याकाळी मुंगीने सांगितलं, "मी नाही सांगणार."

"नको सांगूस. मी काढतो." बाबाने खुर्ची पुढे ओढली. डोकं तिरकं करून पाहिलं. "ही राखाडी बघ. काही दमच नाही हिच्यात. असली काय, नसली काय."

बाण आईच्या वेलीकडे सरकला.

आतल्या खोलीत आई गुणगुणत होती. राखाडी रेघ केसाएवढी पुढे आली... थांबली... पुन्हा पुढे आली.

"नको!" मुंगी किंचाळली. "ती नको! ही काढ! ही!"

आणि तिचं बोट पडद्यावर टेकलं. लाल वेलीवर.

मुलांनो, इथे मी तिला एकदा थांबवून विचारलं होतं. बाबाची पण वेल होती, तुझी स्वतःची होती. मग बोट तिथेच का गेलं? ती म्हणाली, "आजोबा, ते आधीपासूनच तिथे होतं."

बाबाने मान डोलावली. "बरोबर आहे तुझं. तीच सगळं चित्र बिघडवते. पोरीला नजर आहे हं!"

कळ दाबली.

काटे एकेक करून विरले.

आत भोंगा रडत होता. तो...

घर इतकं शांत कधीच झालं नव्हतं.

मुंगी आत गेली. पाळण्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. व्यवस्थित, वरपर्यंत. आई खिडकीशी मोकळी बसली होती. मुंगीला बघून तिने हात पसरले.

"ये ग माझी बाय. अशी लांब का उभी?"

आणि मुंगी आईच्या मांडीवर बसली. कित्येक महिन्यांनी. आईने तिचे केस विंचरले, हळूहळू, एकही गाठ न ओढता. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. तेच तर वाईट. तिला खरोखर बरं वाटत होतं.

मग तिच्या पाठीला ओलं लागलं.

तिने वळून बघितलं. आईच्या छातीवर कापड भिजलं होतं. दोन्ही बाजूंना. डाग पसरत होते.

"हे काय होतंय मला?" आई पदराने पुसत म्हणाली. तिने पुसलं, तरी पुन्हा आलं. "दुखतंय ग. फार दुखतंय. दगड झाल्यासारखं." ती हसायचा प्रयत्न करत होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ ना, रडायला पण येतंय. कशाचं, तेच कळत नाही."

"आई, तो पाळणा कुणाचा?"

आई पाळण्याकडे बघत राहिली. ओठ हलले. काहीतरी अगदी जिभेवर आलं असावं...

"कपडे ठेवायला आणला असेल," ती म्हणाली.

त्या रात्री आई झोपली नाही. अंधारात फेऱ्या मारत होती. रिकामा हात छातीशी वाकवलेला. दुसरा हात हवेत थोपटत होता.

मुंगी चादरीतून सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दिवा लावायला बाहेर गेला, तेवढ्यात ती चिंचोळ्या खोलीत शिरली. माइकसमोर बसली. तोंड अगदी जवळ नेलं.

आणि रडायला लागली.

स्वतःसारखी नाही. भोंग्यासारखी. आधी नुसतं कुं कुं. मग श्वास आत ओढून ती लांबलचक आरोळी. तिने ती इतक्यांदा कानांत बोटं घालून ऐकली होती की तिला सगळी पाठ होती. पण तो तान्ह्याचा गळा, तिला कसा झेपणार? अर्ध्यात तिला ठसका लागला. दोन वेळा खोकून ती पुन्हा रडू लागली.

पडद्यावर काही नाही.

ती रडत राहिली. घसा सोलवटला.

मग कोपऱ्यात... एक लाल टोक वर आलं.

"अरे, हे कुठून उगवलं?" बाबा दारात उभा होता. रागावला नाही. त्याचे डोळे चमकत होते. लाल वेल चढत होती, आणि या वेळी ती वेडीवाकडी नव्हती. सुबक होती. काटे एकसारखे, ओळीत. ती बाकीच्या तिघींभोवती हळूहळू गुंडाळली, आणि सगळा पडदा भरला.

"झालं," बाबा कुजबुजला. "आता काही काढायचं नाही. हेच हवं होतं मला. मुंगे, थांब आता, पुरे झालं."

मुंगी थांबली.

रडणं थांबलं नाही.

ते आतून येत होतं. पाळण्यातून.

आधी कुं कुं. मग लांबलचक आरोळी. अर्ध्यात ठसका... दोन वेळा खोकणं... आणि पुन्हा आरोळी.

मुंगीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आवाज तिचाच होता.

"आले रे, आले माझ्या राजा!" आईची पावलं धावली. कपड्यांच्या घड्या जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग चुटूचुटू पिण्याचा. आणि आईचा सुटलेला सुस्कारा, जन्मभराचं ओझं खाली ठेवावं तसा.

बराच वेळ तेवढंच ऐकू येत राहिलं.

आईने मग जे दुपटं बाहेर आणलं, त्यात काय होतं, ते मुंगीने मला आजवर सांगितलेलं नाही. मी त्यांच्याकडे जातो तेव्हा भोंगा असतोच. धडधाकट दिसतो. सगळे त्याचं कौतुक करतात. मीही करतो. फक्त त्याला एकदा खेळवायला घेतलं, तेव्हा तो रडला, आणि मी मुंगीचे ओठ मिटलेले आहेत ना, हे वळून पाहिलं. त्यानंतर मी त्याला घेतलेलं नाही.

त्या संध्याकाळी आई बाहेर आली. चेहरा फुललेला. अंगावरचे डाग सुकत आलेले. हातात दुपट्याचं गाठोडं, तोंडावरून कापड ओढलेलं.

"किती रडलं ग माझं बाळ," ती म्हणाली. "घे. जरा मांडीवर घे तुझ्या भावाला. मी पाणी पिऊन येते."

गाठोडं हललं. कापडाच्या आतून कुणीतरी हळूच खोकलं. दोन वेळा.

मुंगीने आईकडे पाहिलं. आई हसत होती.

मग मुंगी खाली बसली, नीट मांडी घातली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.